ताटवा : जुन्नरच्या मातीतली फुलझाडं कुठून आली आणि दारात कशी मांडावीत



कांदा, टोमॅटो, डाळिंबावर या पानावर नेहमीच लिहितो. आज विषय थोडा वेगळा घेतोय, पण शेताच्या बाहेरचा नाही. गेल्या काही वर्षांत राजुरी, बेल्हे, आळे या पट्ट्यात नवे बंगले बरेच झाले. बंगला झाला की पुढं बाग हवी. मग नर्सरीवाला येतो, मोबाईलवर चार फोटो दाखवतो, आणि पंधरा दिवसांत सगळ्या बंगल्यांपुढं एकसारखीच झाडं उभी राहतात. मधे लॉन, कडेला कण्हेर, कोपऱ्यात बोगनवेल, गेटला दोन पाम. दिसायला झकास. पण आपल्याकडं गोठा बंगल्याला लागून असतो, द्राक्षाचा नाहीतर टोमॅटोचा प्लॉट कंपाऊंडच्या पलीकडं असतो, आणि रात्री बिबट्या त्याच रस्त्यानं जातो. शहरातल्या बागेला यातलं काहीच विचारात घ्यावं लागत नाही. आपल्याला घ्यावं लागतं.

फुलझुडपांचा ताटवा आखायचा तर आधी ही झुडपं आपल्या भागात आली कशी, कोणी लावली, कशासाठी लावली हे बघितलेलं बरं. जुन्नर तालुक्याइतका या गोष्टीचा इतिहास फार कमी तालुक्यांकडं असेल.

दगडावरची पहिली नोंद

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेणी किती आहेत हे सांगायला नको. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरीच्या पोटातली. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून माल उतरायचा, त्या व्यापाराच्या पैशावर ही लेणी कोरली गेली. त्यांत दान देणाऱ्यांचे शिलालेख आहेत. धान्याचे व्यापारी, बांबूचं काम करणारे, कासार अशा धंद्यांच्या श्रेणींचे उल्लेख त्यांत येतात. श्रेणी म्हणजे त्या काळची सोसायटीच समजा.

त्यातल्या एका लेखात अडुथुमा नावाच्या शक उपासकाचं दान आहे. वडालिका गावात करंजाच्या झाडांशी जोडलेली २० निवर्तनं जमीन आणि कटापुतक गावात वडाच्या झाडांशी जोडलेली ९ निवर्तनं जमीन. निवर्तन हे त्या वेळचं जमीन मोजायचं माप. काही अभ्यासक या लेखाचा अर्थ झाडं लावण्यासाठी दिलेली जमीन असा लावतात. अर्थ कसाही लावा, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागात झाडाचं नाव आणि जमिनीचं माप एका ओळीत लिहून ठेवलं होतं एवढं नक्की.

आणि झाड कोणतं, तर करंज. बिया तेलाला, पेंड खताला, पाला हिरवळीच्या खताला, आणि मोहोरावर मधमाशा. म्हणजे शोभेचं झाड वेगळं आणि कामाचं झाड वेगळं, ही वाटणी तेव्हा नव्हती.

निजामशाही : पाण्याला उतार, वाफा खाली

पुढं १४९० च्या सुमारास मलिक अहमदनं निजामशाही उभी केली, तिचं पहिलं ठाणं जुन्नरच. नंतर राजधानी अहमदनगरला गेली. नगरचा फराहबाग १५८३ चा. मधे महाल, भोवती पाणी, आणि ते पाणी लांबून नहरानं आणलेलं. शाहजहान बादशहा होण्याआधी जुन्नरला होता, आणि १६२७ मध्ये जहांगीर मेल्याची बातमी त्याला इथंच कळली. जुन्नरजवळच्या हापूसबाग या गावाच्या नावात 'बाग' आजही आहे.

या मंडळींच्या बागेची तऱ्हा इराणकडून आलेली. चार भाग, मधून पाण्याचे पाट, पाटाच्या कडेनं चालायची वाट. आपल्या कामाची गोष्ट अशी की या बागांत वाफा वाटेपेक्षा खाली असायचा. पाट भरला की पाणी आपोआप वाफ्यात उतरायचं. वाट उंच, झुडूप खाली, त्यामुळं फूल चालणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात यायचं आणि पाणी वाया जायचं नाही. कोरड्या मुलखातला शहाणपणा आहे तो. आपण कांद्याला, मेथीला सारे पाडतो, वाफे बांधतो, तेच गणित.

याच निजामशाहीच्या दरबारात गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य येत असे, गार्सिया द ओर्ता. बुऱ्हाण निजामशहावर त्यानं उपचार केले होते. १५६३ मध्ये गोव्यात त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. त्यात आपल्या पारिजातकाचं वर्णन आहे. रात्री फुलतो, सकाळी गळतो, म्हणून युरोपात या झाडाचं नाव 'दुःखी झाड' पडलं, आणि लिनियसनं १७५३ मध्ये शास्त्रीय नावातही तेच ठेवलं. आपण ज्या फुलांचा सडा बघून खूश होतो, त्याला त्यांनी दुःखी म्हटलं. असो.

पोर्तुगीजांनी इथलं नेलं तसं अमेरिकेतलं आणलंही. मिरची, टोमॅटो, बटाटा समुद्रापलीकडून आले हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण फुलांचं माहीत नसतं. दसऱ्याला तोरणात ओवतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. देवळापुढचा पांढरा चाफा, म्हणजे खैरचाफा, मध्य अमेरिकेतला. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तीही तिकडचीच. गुलबक्षीसुद्धा अमेरिकेतली. सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे. जास्वंद पूर्व आशियाकडून आली, आणि इतकी जुनी की तिचं मूळ रानटी झाड आज सापडत नाही. आपल्याकडची म्हणावीत अशी झुडपं म्हणजे तगर, पारिजातक, मोगरा, अबोली, कोरांटी, अडुळसा, निर्गुडी, कुडा, धायटी, तरवड.

परकं म्हणून वाईट असं मी म्हणत नाही. झेंडू परका आहे म्हणून दसरा थांबत नाही. पण कोण कुठून आलं हे माहीत असलं की त्याला पाणी किती लागेल, ऊन किती लागेल, ते पसरेल का, याचा अंदाज येतो.

आज्ञापत्रातली उतरंड

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५ च्या आसपासचं. त्यात गडकोटांवर झाडं कशी राखावीत ते सांगितलंय. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे थोर वृक्ष लावावेत, लिंबं-नारिंगांसारखे लहान वृक्ष लावावेत, तशीच फुलझाडं आणि वेली, आणि उपयोगाचं असो नसो, जे झाड येईल ते लावून जतन करावं, असा त्याचा भावार्थ. कारणही रोखठोक आहे. वेळ पडली तर लाकूड म्हणून सगळंच कामाला येतं.

मला यातली उतरंड आवडते. थोर वृक्ष, लहान वृक्ष, फुलझाड, वेल. आज बागेचं डिझाईन करणारे 'लेयर' म्हणतात ते हेच. मागं उंच, पुढं मध्यम, त्यापुढं बुटकं, आणि आधाराला वेल.

हिवऱ्याची बाग आणि डॉक्टर गिब्सन

आता मुख्य गोष्ट. आपल्या तालुक्यात, हिवऱ्याला, एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती बाग होती. जुन्या इंग्रजी कागदांत तिचं नाव 'हेवरा' असं येतं. नव्या पोरांपैकी बहुतेकांनी हे ऐकलेलंही नसतं.

पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं १८२८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला मुळा नदीच्या काठी गव्हर्नरसाठी बंगला घेतला. तो आधी कॅप्टन फोर्ड याचा होता. हा फोर्ड म्हणजे १८१७ च्या खडकीच्या लढाईतला दापोडीच्या पलटणीचा साहेब. त्या बंगल्याभोवती सरकारी वनस्पती बाग सुरू झाली. कलकत्त्याला अशी बाग १७८७ पासून होती, मुंबई इलाख्यालाही हवी होती. १८३८ मध्ये या बागेचा कारभार डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन याच्याकडं आला. स्कॉटलंडचा माणूस, जन्म १८०० चा, शिक्षणानं डॉक्टर. त्याआधी तो दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचत गावोगाव फिरलेला. मराठी, गुजराती, हिंदुस्थानी या भाषा शिकलेला. त्यामुळं गावात काय पिकतं, वैदू कोणता पाला वापरतो, हे त्याला बोलण्यातून कळत होतं.

दापोडीबरोबर हिवऱ्याची बागही त्याच्याच हाताखाली होती. तिथं शोभेपेक्षा औषधाच्या झाडांवर भर होता. पलटणीच्या दवाखान्यांना विलायतेहून औषधं मागवायची म्हणजे खर्च मोठा, आणि बोटीतून येईस्तोवर औषधाचा कस जायचा. म्हणून खुरासानी ओवा, सोनामुखी अशी पिकं इथंच काढून त्यांचा अर्क सरकारी दवाखान्यांकडं पाठवायचा, असा तो उद्योग. वेगवेगळ्या देशांचं बी, कलमं आणून इथल्या हवेत काय टिकतं हेही बघितलं जायचं. आजच्या भाषेत ट्रायल प्लॉट.

या बागांतल्या आणि भागातल्या झाडांची चित्रंही काढून घेतली गेली. १८४७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत पोर्तुगीज वंशाच्या एका भारतीय चित्रकारानं सुमारे १७० चित्रं काढली. आज ती स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत, आणि २००२ मध्ये हेन्री नोल्टी या अभ्यासकानं त्यांवर पुस्तक काढलं. बागेच्या साहेबाचं नाव पुस्तकात आलं. चित्रकाराचं नाव मात्र कुठं लिहून ठेवलं गेलं नाही. आळी करणाऱ्या, पाणी धरणाऱ्या माळ्यांचं तर नाहीच नाही.

१८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. डोंगर बोडके झाले की झरे आटतात, हे तो सरकारला लिहीत होता, आणि ते खरंच होतं. पण त्याच विचारातून पुढं रानावर सरकारचा ताबा वाढत गेला, आणि डोंगरकडेच्या माणसाला राब भाजायला, लाकूडफाट्याला विचारून जाणं भाग पडलं. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी बांधवांना याची झळ किती बसली हे त्यांनाच विचारावं. बाग राखणाऱ्या माणसांतून वनखातं उभं राहिलं, हे इतिहासात नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८६० मध्ये गिब्सन निवृत्त झाला. १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन या दोघांच्या नावानं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर पुस्तक आलं. १८६४ पासून गणेशखिंडीत गव्हर्नरचा नवा बंगला उभा राहू लागला, तोच आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. दापोडीचं महत्त्व संपलं. १८७३ पासून गणेशखिंडीत नवी बाग झाली, ती आजही आहे.

हिवऱ्याच्या बागेतून आपण काय घ्यायचं? एकच गोष्ट. तिथं झाड लावताना आधी विचारलं जायचं, हे कशाला हवं? आपल्या बंगल्यापुढं झाड लावताना तेवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ झालं.

घाणेरीचा धडा

बागेतून निसटलेल्या झाडाचं उदाहरण बघायचं तर कुठल्याही टेकडीवर जा. घाणेरी, टणटणी म्हणतो ती. अमेरिकेतलं हे झुडूप १८०७ च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी, कुंपणासाठी आणलं गेलं. रंगीत फुलं, वर्षभर बहर, पाणी नको, रोग नाही. नर्सरीवाला आज ज्या शब्दांत झाड खपवतो, तेच सगळे गुण तिच्यात होते. पाखरांनी फळं खाल्ली, बी लांबवर टाकलं, आणि आज गायरानात गवताच्या जागी घाणेरी आहे. जनावरानं ती जास्त खाल्ली तर लिव्हर खराब होतं, उन्हात कातडी सोलते.

म्हणून नवीन झाड घेताना विचारा. याला फळ धरतं का? ते पाखरू खातं का? बी आपोआप उगवतं का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर ते झाड डोंगराच्या कडेच्या वस्तीवर लावू नका. टेकडी सगळ्यांची आहे.

गोठा असेल तर

आपलं गाव दुधाचं. इथं सगळ्यात आधी कण्हेरीचं बोललं पाहिजे. लाल, पांढरी, पिवळी, तिन्ही विषारी. पान, काडी, फूल, बी, सगळंच. विष थेट हृदयावर जातं. उभ्या झाडाला जनावर सहसा तोंड लावत नाही, कारण ते कडू. धोका छाटणीत आहे. दोन वर्षांमागं शिवारातल्या एका गोठ्यात हेच झालं. बंगल्याची कण्हेर छाटायला आलेल्या गड्यानं फांद्या गवताच्या ढिगाशेजारी टाकल्या. वाळलेला पाला वैरणीत मिसळला. संध्याकाळी दुभती गाय गेली, पहाटे दुसरी. डॉक्टर आले, पण हातात वेळच उरला नव्हता. दोन गाई म्हणजे त्या घराचा महिन्याचा किराणा, सोसायटीचा हप्ता, सगळंच. वाळलं तरी कण्हेरीचं विष जात नाही, उलट वाळल्यावर जनावराला चव कळत नाही, हे प्रत्येक दूधवाल्यानं ध्यानात ठेवावं.

हायवेच्या दुभाजकात कण्हेर शोभते, कारण तिथं जनावर चरत नाही. गोठ्याच्या बंगल्यात तिच्या जागी तगर लावा. तीच हिरवी दाट पानं, पांढरी फुलं बारा महिने. तगरीलाही चीक असतो, तेव्हा छाटलेलं कुठलंच शोभेचं झाड वैरणीजवळ टाकायचं नाही, हा नियम घरात सगळ्यांना आणि गड्यालाही सांगून ठेवायचा.

पिकाच्या बांधाला असेल तर

द्राक्षवाल्यांनी जास्वंदीचा विचार करावा. द्राक्षात जो पिठ्या ढेकूण आपल्याला छळतो, त्यातल्या एका मोठ्या जातीचं इंग्रजी नावच जास्वंदीवरून पडलंय. जास्वंदीच्या शेंड्यात तो वर्षभर आरामात राहतो, आणि मुंग्या त्याला इकडून तिकडं नेतात. जास्वंद लावूच नये असं नाही, देवाला फूल लागतं. पण ती बागेच्या बांधावर नको, घराच्या दुसऱ्या अंगाला असावी, शेंडे गोळा झालेले दिसले की खुडून जाळावेत, आणि बुडाशी मुंग्यांची वारुळं होऊ देऊ नयेत.

उलट टोमॅटोवाल्याला ताटव्याचा फायदा करून घेता येतो. टोमॅटोत झेंडू सापळा पीक म्हणून आपण लावतोच. घाटे अळीची मादी त्याच्या फुलाकडं जाते. पण आणखी एक गोष्ट आहे. टोमॅटोच्या फुलातला पराग आत नळीत असतो. फूल आपलं आपण फळतं, पण हलवलं तर पराग चांगला झडतो. मधमाशीला ते हलवणं जमत नाही. काळा भुंगा ते करतो, फुलाला धरून घुं घुं करत थरथरवतो. तरवडाच्या पिवळ्या फुलांची रचना अशीच आहे, त्यामुळं भुंगा तरवडावर हमखास येतो. तरवड म्हणजे आपल्या पूर्व पट्ट्यातलं माळावरचं झुडूप, पाणी मागत नाही. पूर्वी त्याची साल कातडी कमवायला जायची. आता रस्ता रुंदीकरणात आणि जेसीबीच्या पात्याखाली माळावरून नाहीसं होत चाललंय. त्याला ताटव्यात जागा द्या.

डाळिंब, काकडी, कलिंगड, दोडका, कांद्याचं बी, यांना मधमाशी लागतेच. मधमाशीला वर्षभर काहीतरी फुललेलं हवं. पिकाच्या फुलोऱ्यापुरतं दीड महिना देऊन उरलेले दहा महिने उपाशी ठेवली तर ती राहत नाही. म्हणून ताटव्यातली झुडपं महिना बघून निवडायची. पौषापासून चैत्रापर्यंत अडुळसा आणि धायटी. उन्हाळ्यात कुडा आणि मोगरा. पावसात निर्गुडी आणि तरवड. श्रावण ते कार्तिक पारिजातक, दसऱ्याच्या आसपास झेंडू, थंडीत कोरांटी. आणि एक ध्यानात ठेवा, डबल पाकळीचं फूल माणसाला आवडतं, पण पाकळ्या वाढवण्यात त्याचे परागकोश जातात. माशीला त्यात फारसं मिळत नाही. शक्यतो एकेरी जात घ्या.

बिबट्या

हा मुद्दा पुण्याच्या कुठल्याच बागेच्या पुस्तकात सापडायचा नाही. कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आपल्याच तालुक्यात आहे. अशा गावात दाराला लागून जमिनीपर्यंत दाट झुडूप म्हणजे लपायला तयार जागा. कुत्रं अंगणात, बिबट्या झुडपाआड, आणि पहाटे धार काढायला निघालेली बाई मधे. हे चित्र आपल्याला नकोय.

म्हणून दारापासून गोठ्यापर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी गुडघ्याच्या वर जाणारं काही लावायचं नाही. अबोली, कोरांटी, सदाफुली, झेंडू इतकंच, आणि कोरांटी छाटून बुटकी ठेवायची. मोठी झुडपं घरापासून लांब, कंपाऊंडच्या बाजूला, आणि त्यांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून अडीच-तीन फूट साफ करायच्या. खोडाखालून पलीकडचं दिसलं पाहिजे. वाटेवर दिवा असावा आणि त्याच्या उजेडात झुडपाचं बूड यावं.

आखणी

आता प्रत्यक्ष ताटवा. समजा कंपाऊंडच्या कडेनं ३० फूट लांब, ८ फूट रुंद जागा आहे.

जमीन आधी बघा. मढ, इंगळूणकडं धो धो पाऊस, तिथं ताटवा वीतभर उंच हवा, नाहीतर मुळ्या कुजतात. राजुरी, बेल्हे, आणे पठार इकडं कोरडं, इथं ताटवा वाटेपेक्षा चार बोटं खाली ठेवायचा, निजामशाही पद्धतीनं. विलायती पुस्तकात उंच वाफा दाखवतात, कारण त्यांच्याकडं पाऊस रिपरिप वर्षभर असतो. आपली अडचण बरोबर उलटी आहे. जमीन चुनखडीची असेल तर इक्झोरा लावू नका, लोह न मिळाल्यानं पानं पिवळी पडतात आणि मग नुसती औषधं मारत बसावं लागतं.

मागच्या ओळीत एका टोकाला एक पारिजातक, दुसऱ्या टोकाला एक कुडा. दोघांत १२ ते १५ फूट तरी अंतर, भिंतीपासून ३ फूट सोडून. मधल्या जागेत अडुळसा. मधल्या ओळीत तगर दोन, मोगरा तीन, धायटी एक, चार-चार फुटांवर. पुढच्या ओळीत अबोली आणि कोरांटी, दीड-दीड फुटावर, मोकळ्या जागेत हंगामी झेंडू. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल, त्यात निम्मी माती, निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत. लावायची वेळ आषाढ. पहिल्या वर्षी ताटवा रिकामा वाटेल. वाटू द्या. दाट लावलं तर तिसऱ्या वर्षी एकमेकांवर चढतात आणि निम्मी उपटावी लागतात.

पाण्याचे दोन गट करा, ठिबकच्या दोन वेगळ्या नळ्या. मोगरा, तगर, अबोली, जास्वंद एका नळीवर. तरवड, कोरांटी, धायटी, बोगनवेल दुसऱ्या नळीवर, आणि ती दुसरी नळी पहिल्या वर्षानंतर बहुतेक बंदच. बोगनवेलीला पाणी दिलं की नुसता पाला येतो, ताण दिला की रंग येतो. ती मूळची ब्राझीलकडची, १७६७ मध्ये बोगनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या सफरीत युरोपियनांच्या नजरेत आली, म्हणून हे नाव. जास्वंदीशेजारी एकाच नळीवर लावली तर दोन्हीपैकी एक नाराज राहणारच.

छाटणी झाडाच्या सवयीनं करायची. मोगऱ्याला पौषात पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, हलकी छाटणी करून खत-पाणी सुरू करायचं, म्हणजे चैत्रात कळी लागते. डाळिंबाचा बहार धरतो तसंच. पारिजातक बहर संपल्यावर, मार्गशीर्ष-पौषात छाटायचा. अडुळसा फुलून गेल्यावर अर्ध्यावर आणायचा. त्याचा पाला वाया जात नाही, खताच्या खड्ड्यात टाका.

अडचण आली तर नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र आपल्यासाठी जवळच आहे, माती तपासून घ्या.

शेवटी एक विनंती. हिवरे आणि आसपासच्या गावांत, जुन्या वाड्यांच्या परड्यात, देवळामागं, पडक्या विहिरीच्या काठी एखादं वेगळं जुनं झुडूप असेल, ज्याचं नाव फक्त घरातल्या आजीला माहीत आहे, तर आजीला विचारून ते नाव लिहून घ्या, फुलाचा, पानाचा फोटो काढा आणि खाली टाका. आषाढात त्याची फांदी लावून एक रोप करा. चित्रकाराचं नाव राहिलं, माळ्यांची नावं राहिली, निदान आजीनं सांगितलेलं झाडाचं नाव तरी राहू नये.